मिसरीची भाषा

पितृपंधरवडा निम्मा सरला की आमच्या भागात बायका एकमेकींना एकच प्रश्न विचारतात, "कॅनॉलला पानी हाय का गं?" पुरुषांना ते पाणी उसासाठी हवं असतं, बायकांना वाकळांसाठी. घट बसायच्या आत घरातलं एकूणएक अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा आमच्याकडचा कायदा. मग टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, कुणाची रिक्षा, मिळेल त्यात वाकळांचे ढीग येतात आणि कॅनॉलच्या दोन्ही कडा रंगीबेरंगी होऊन जातात. कुणाचं हिरवं लुगडं, कुणाच्या लग्नातला शालू, कुणाच्या गेलेल्या सासूची नऊवारी, सगळं टाक्याला टाका लावून शिवलेलं आणि उन्हात पसरलेलं. परवा बारामतीहून वरकुट्याला जाताना एसटीच्या खिडकीतून ते रंग दिसले आणि माझा हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला. दरवर्षी या दिवसांत तो तसाच जातो. फोन वाजलेला नसतो.

मी बारामतीत पहिलीचा वर्ग शिकवते. वरकुटे माझं माहेर. तिथे आता धाकटा भाऊ संतोष आणि त्याची बायको मंगल असतात. आईला जाऊन दोन वर्षं झाली. पण तिचं बोलणं गेलं ते त्याच्याही चार वर्षं आधी, अशाच पंधरवड्यातल्या एका सकाळी. ते कसं गेलं हे लिहायला मला सहा वर्षं लागली. एरवी मी बोलायला कुणाला हार जाणारी नाही, हे माझ्या शाळेत विचारा.

आई मिसरी लावायची. आमच्याकडे कोण लावत नाही? तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटावर घेऊन दातांना घासत बसायचं. मिसरी भाजली की त्या तिखट धुराचा खाट घशात बसायचा आणि आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. बायकांना मात्र त्या वासानेच तरतरी यायची. मिसरी तोंडात असली की थुंकी सांडू नये म्हणून हनुवटी वर धरायची आणि ओठ न उघडता बोलायचं. त्यातून एक निराळीच भाषा तयार झाली होती. "हं हुं हंहं" म्हणजे "दूध उतू चाललंय", "हुंहुं हं" म्हणजे "तो मेला परत आला का?" मला ती भाषा चांगली यायची. दादा, म्हणजे आमचे वडील, वैतागून विचारायचे, "काय म्हणती गं नंदे, तुझी आई?" आणि मी चुलीपाशी बसून दुभाष्याचं काम करायची. आई हनुवटी वर करून डोळ्यांनी हसायची. आपल्याला कुणीतरी न बोलता ओळखतं, याचं ते हसू होतं. हे आता कळतं.

पुढे मी डी.एड. केलं, नोकरीला लागले आणि मला ती भाषा येईनाशी झाली. म्हणजे येत होती, पण मी ती न येण्याचं ठरवलं. दिवसभर पोरांना "तोंड उघडून बोल, शेवटचं अक्षर गिळू नकोस" असं सांगणाऱ्या बाईने घरी येऊन हंहं-हुंहुं कसं ऐकायचं? शिवाय दादा गेल्यावर आईला ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, मिसरी सोडा, मीठ कमी करा, गोळी चुकवू नका. तेव्हापासून मी तिच्या मागे हात धुऊन लागले. डबी लपवली, उकिरड्यावर फेकली, भांडले, चार बायकांत तिला बोलले. ती ऐकून घ्यायची आणि दुसरी डबी आणायची.

गोळीचं तिचं एक गणित होतं आणि ते तिने कधीच बदललं नाही. "गोळी जेवल्यावर घ्यायची, डाक्टरनीच सांगितलंय. आज उपास हाय, म्हंजी जेवान न्हाय. जेवान न्हाय तर गोळी कशी घ्यायची?" गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन एकादश्या, श्रावणातले सोमवार आणि नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस. डोकं दुखलं तर पदर आवळून बांधायचा. संतोषला साधा ताप आला की त्याच दिवशी दवाखाना आणि स्वतःचं काही विचारलं की "मला काय धाड भरलीय!" हे वाक्य आमच्याकडे बायका इतक्या अभिमानाने म्हणतात, जसं काही त्याचं बक्षीस मिळणार आहे.

वाकळ कोरडी असते तेव्हा कडेवर घेऊन पळता येतं. भिजली की ती उचलत नाही. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून ती पायांनी तुडवायची, धोपाटण्याने बडवायची आणि मग एक टोक माझ्या हातात द्यायची. "घट धर, सोडू नगंस." ती तिकडून पिळायची, मी इकडून. मधल्या पिळातून पाण्याची धार लागायची आणि माझे हात मनगटापासून दुखायचे. पिळताना ती श्वास धरायची, तिच्या कानशिलाची शीर फुगायची आणि चेहरा लाल व्हायचा. मला वाटायचं, आई किती ताकदवान आहे.

त्या वर्षी मी गेले नव्हते. शाळेचं प्रशिक्षण होतं. आई आणि मंगल दोघींनीच सगळ्या वाकळा धुतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन आला.

पावणेदहा वाजले होते. मी वर्ग झाडून घेत होते, पोरं परिपाठासाठी व्हरांड्यात जमत होती. "हां आई, बोल." तिकडून ओला, चिकटलेला आवाज आला. "नं... दे... शां... शांग..." पुढचं सगळं हंहं-हुंहुं. माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "आई, तोंडात काय धरलंयस? शंभरदा सांगितलं, ते तोंडात घेऊन फोन करत जाऊ नकोस. मला एक अक्षर कळत नाही. आधी चूळ भर, मग बोल." मग ती म्हणाली, "भरते." एवढा एक शब्द स्वच्छ आला. मी फोन ठेवला आणि परिपाठाला गेले. आज आपण खमकेपणाने बोललो याचं मला बरंही वाटलं होतं, हेसुद्धा लिहायलाच हवं.

तिचा परत फोन आला नाही. मी केला नाही.

दुपारी संतोषचा आला. आई सकाळी "जरा पडते" अशी खूण करून कॉटवर पडली होती. आदल्या दिवशीच्या वाकळांनी दमली असेल म्हणून कुणी उठवलं नाही. जेवायला हाक मारली तर उठता येईना, उजवा हात हातात धरला तर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडला. गाडी मिळवून तिला बारामतीला आणेपर्यंत चार वाजत आले. दवाखान्याच्या दारात मी उभी होते. तिचं तोंड एका बाजूला उतरलं होतं. मला बघून तिने ओठ हलवले आणि म्हणाली, "भरते."

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "त्रास सुरू कधी झाला? नक्की वेळ सांगा. मेंदूतली गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं." संतोष म्हणाला, "दुपारी जेवायच्या टायमाला, साडेबाराला." माझ्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये वेळ होती. मंगल भिंतीला टेकून खाली बघत उभी होती. स्कॅन झाला. डॉक्टर फिल्म उजेडावर धरून म्हणाले, "हे दुपारचं नाही. सकाळपासून सुरू असणार. बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, असं काही कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

मी म्हणाले, "नाही."

गावाकडे याला वारं जाणं म्हणतात. आईच्या अंगावरनं वारं गेलं. भेटायला आलेला प्रत्येक जण विचारायचा, "कंच्या बाजूनं गेलं?" जणू ते एसटीसारखं ठरल्या रस्त्याने आलं आणि गेलं, त्यात कुणाचा काही हात नाही. कुणी तेल सांगितलं, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. मला तो शब्द तेव्हा फार सोयीचा वाटला. वाऱ्याला कोण जबाबदार असतं?

तिसऱ्या दिवशी तिची लुगडी आणायला मी वरकुट्याला गेले. पेटीत मिसरीची डबी सापडली. रागाने झाकण उघडलं. आत मिसरी नव्हती. डबी घासून लख्ख केलेली होती आणि तिच्यात पाच-सहा लवंगा होत्या. मंगल दारात उभी होती. म्हणाली, "गौरी गेल्या त्या दिवशी सोडली त्यांनी. तलप आली की लवंग चघळायच्या. तुमाला घटाला आल्यावर तोंडावर सांगनार हुत्या."

म्हणजे त्या सकाळी तिचं तोंड रिकामं होतं.

नंतर एकेक गोष्ट कळत गेली. त्याच्या पंधरा दिवस आधी भाकरी थापताना तिचा उजवा हात मध्येच थांबला होता, भाकरी परातीतच फाटली होती. घटकाभराने हात परत चालायला लागला. "हात रुसला हुता," असं म्हणून ती हसली आणि उरलेल्या भाकरी थापून मोकळी झाली. कुणी मला कळवलं नाही. कळवलं असतं तरी मी काय म्हटलं असतं? "अजून लाव मिसरी!"

त्यानंतर आई चार वर्षं जगली आणि त्या चार वर्षांत तिच्याकडे एकच शब्द होता. चहा हवा असला की "भरते". नातू आला की "भरते", तेही किती लाडाने. पाठ दुखली की कण्हत "भरते". एकदा मंगलचा राग आला तर ताट सरकवून मोठ्याने "भरते!" डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द तेवढा उरतो, बहुतेक त्या वेळी तोंडात असलेला. घरात त्यावर बरेच तर्क झाले. संतोष म्हणायचा, जन्मभर पाणी भरलं, तेच डोक्यात राहिलं. शेजारची म्हातारी म्हणायची, देवीची परडी भरायची राहिली असंल. म्हणून दर नवरात्रात घट बसवताना तिच्या कॉटजवळ मातीची पाटी आणायचे आणि ती डाव्या हाताने चिमूटभर माती पत्रावळीवर टाकायची. सगळ्यांना समाधान वाटायचं. ती माती टाकताना माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "भरते."

तो शब्द कुठून आला हे एकट्या मलाच माहीत होतं, असं मी समजत होते. लेकीने सांगितली होती तेवढी चूळ ती चार वर्षं भरत राहिली. सांगितलेलं काम पुरं झालं नाही म्हणून पोर अजून रागावलेली असेल, असं तिला वाटत असेल का? मी तिच्या डाव्या कानाशी वाकून कितीदा म्हणाले, "आई, राहू दे आता." ती मान हलवायची. तिला कळायचं की नाही, देव जाणे.

आता मलाही प्रेशरची गोळी आहे. मी ती उपासाला घेते, अमावास्येला घेते, एकदाही चुकवत नाही. सकाळी दात घासून झाले की आरशापुढे दोन्ही हात वर करते, हसते आणि मोठ्याने म्हणते, "आज फळ्यावर तारीख लिहायची आहे." हसू दोन्हीकडे सारखं आहे का, बघते. आमचे हे पहिल्यांदा घाबरले होते, आता पेपरातून मान वर न काढता विचारतात, "लिहिली का तारीख?" शाळेत एखादं पोर चॉकलेट गालात ठेवून बोलायला लागलं की मी त्याला थुंकायला सांगत नाही. मी आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघते.

परवा गेले ती आईच्या वाकळेसाठी. तिच्याच लुगड्यांची, तिनेच शिवलेली. दोन वर्षं ती कुणी धुतली नव्हती. मंगल आणि मी कॅनॉलवर गेलो. ऊन कडक होतं, पाणी गढूळ आणि भरपूर. आम्ही वाकळ तुडवली, बडवली. दम खायला काठावर बसल्यावर मंगलने कमरेची डबी काढली आणि बोटावर मिसरी घेतली. आईचं हगणं-मुतणं काढता काढता, रात्रीची जागरणं करता करता तिला ही सवय लागली. मी तिला एकदाही बोललेले नाही. त्या विषयावर बोलायचा माझा हक्क मी पावणेदहा वाजता गमावला.

वाकळेचं एक टोक तिने उचललं, दुसरं मी. पिळायच्या आधी मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे. कदाचित हातात टोक असल्यामुळे पळून जाता येणार नव्हतं म्हणून.

"मंगल, त्या दिवशी सकाळी आईचा मला फोन आला होता. तिचं बोलणं तेव्हाच गेलं होतं. मला वाटलं, मिसरी आहे. मी तिला चूळ भरायला सांगितलं आणि फोन ठेवला. डॉक्टरांशी मी खोटं बोलले."

मंगलने हनुवटी वर केली आणि ओठ न उघडता म्हणाली, "हंहं हं."

माहीत आहे, म्हणाली. इतक्या वर्षांनी मला ती भाषा लख्ख कळली. तुझं तोंड भरलंय, आधी ते... हे वाक्य मला आता कुणालाही म्हणता येत नाही. तिने आपण होऊनच टोक खाली ठेवलं, पाण्याशी वाकली, ओंजळ तोंडाला लावली आणि चूळ भरली. मी तिच्या ओठांच्या कडा बघत होते. पाणी कुठूनही ओघळलं नाही. तिने लांब पिंक टाकली, पदराने तोंड पुसलं आणि वर आली.

"फोन मीच लावून दिला हुता, वन्सं. त्यांना बटान दिसत न्हवतं. इस्पीकरवर हुता. समदं ऐकलं मी."

मी हातातलं वाकळेचं टोक काठावर ठेवलं.

"तुमी म्हनला चूळ भर, म्हनून मीच तांब्या दिला हातात. तोंडातलं पानी समदं पदरावर आलं. मला वाटलं, माझ्या चोरून परत लावली मिसरी. म्हनून मीबी वरडले त्यांच्यावर. 'मुद्दाम सांडताय व्हय?' म्हनलं." तिने ओला पदर पिळला. "परत तांब्या उचलाय गेल्या, तर हातातनं पडला. मी फरशी पुसून घेतली आन् कामाला लागले. दवाखान्यात तुमी न्हाय म्हनला, मग मी कुठल्या तोंडानं व्हय म्हननार?"

ती भिंतीला टेकून खाली का बघत होती, ते आज कळलं. चार वर्षं आम्ही दोघी एकाच कॉटच्या दोन बाजूंना बसलो, तिच्या तोंडून तोच शब्द ऐकला आणि दोघींनीही संतोषला सांगितलं की पाणी भरायची सवय, दुसरं काय.

मला एकच गोष्ट विचारायची राहिली होती. ज्या प्रश्नाने मी सहा वर्षं फोनकडे हात नेत होते, तो. "तिला काय सांगायचं होतं गं फोनवर? बरं वाटत नव्हतं म्हणून लावायला सांगितला का?"

"न्हाय वो. बरं न्हाय म्हनून त्या कवा कुनाला फोन करायच्या?" मंगलने वाकून वाकळेचं टोक परत हातात घेतलं. "मिसरी सोडली म्हनून सांगायचं हुतं, आदल्या रातीच बोलल्या. मी म्हनलं, चार दिसांनी घट हायेत, तवा सांगा की. पर दम निघंना त्यांना. 'नंदी लय खूश हुईल' म्हनल्या."

समोरच्या काठावर कुणाच्या तरी वाकळा वाळत होत्या.

"धरा वन्सं," मंगल म्हणाली. "घट धरा."

मी टोक धरलं. तिने तिकडून पीळ दिला, मी इकडून. भिजलेली वाकळ एकटीला पिळता येत नाही.